जिवंत आमिषाची टाकी घरी कशी बनवायची? खाडीत गरवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धरमतर, कुंडलिका, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग... खाडी कुठलीही असो, जिताडा आणि तांब हे मासे मेलेल्या कोळंबीपेक्षा जिवंत कोळंबीवर कितीतरी जास्त येतात. पण पागाने (हाताने फेकायच्या गोल जाळ्याने) धरलेली कोळंबी बादलीत तासाभरात आडवी होते आणि भरतीची खरी वेळ येईपर्यंत गळाला लावायला जिवंत काही उरत नाही. खालचे प्रश्न त्यावरचे आहेत. उत्तरं कोळंबी आणि बोय (आमिषाला लावतात तो खाडीतला छोटा मासा) डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. गोड्या पाण्यासाठी शेवटाकडे वेगळा प्रश्न आहे.

बादलीत आमिष का मरतं? पाणी तर भरपूर असतं.

पाणी भरपूर असलं तरी त्यात मावणारा ऑक्सिजन फार थोडा असतो. २० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. तेच पाणी ३० अंशांवर गेलं की साडेसात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ३० अंशांना जेमतेम सहा. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात खाडीचं पाणी भरलेली बादली सुरुवातीपासूनच अर्धी रिकामी असते म्हणा ना. त्यात मासा आणि कोळंबी यांच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर चढतं, त्यामुळे पाणी तापलं की त्यांची ऑक्सिजनची गरजही वाढते. दहा अंशांना साधारण दुप्पट. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, दोन्ही एकाच वेळी.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही: अमोनिया. मासे कल्ल्यांतून आणि कोळंबी तिच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतात. खाडीत तो वाहून जातो, बादलीत साठतो. पाणी जितकं गरम, तितका त्यातला विषारी भाग जास्त. म्हणून नुसता बुडबुडे सोडणारा पंप लावला तरी तीन-चार तासांनी आमिष मरताना दिसतं. हवा मिळत होती, पण पाणी घाण झालेलं होतं.

चांगली टाकी म्हणजे चार गोष्टी सांभाळणारी टाकी: हवा, गारवा, ताजं पाणी आणि विरळ वस्ती. लोक पहिल्या गोष्टीवर पैसे खर्च करतात आणि चौथी फुकटची असून विसरतात.

मला खरंच टाकी लागेल का?

जेटीवरून किंवा बांधावरून एकाच जागी बसून गरवत असाल तर बहुधा नाही. भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट घ्या, आतून बारीक नायलॉन जाळी शिवा, वर जाळीचंच झाकण करा आणि दोरीने पाण्यात सोडा. दोन कोपऱ्यांना रिकाम्या बाटल्या बांधल्या की तरंगतो. खाडीच आपला पंप, खाडीच आपला फिल्टर. याहून उत्तम टाकी कोणी बनवू शकत नाही.

फक्त दोरी लांब ठेवा आणि ओहोटीवर लक्ष ठेवा. उधाणाच्या दिवसांत पाणी इतकं खाली जातं की सकाळी तरंगणारा क्रेट दुपारी चिखलात उघडा पडलेला असतो. तळाला टेकवूनही ठेवू नका, कुर्ल्या जाळी कुरतडतात. जिथे ओढ फार आहे तिथे क्रेट खांबाच्या आडोशाला बांधा, नाहीतर बोय जाळीला चिकटून खवले गमावतात.

जागा बदलत फिरणार असाल, होडीने जाणार असाल किंवा आमिष एका खाडीतून धरून तासभर गाडीने दुसरीकडे नेणार असाल, तर मात्र टाकी बनवा.

कशाची बनवू? थर्माकोलचा खोका, आइसबॉक्स की निळं पिंप?

माझं मत स्पष्ट आहे: ५० ते ६० लिटरचा जाड भिंतींचा आइसबॉक्स. गारवा टिकवणं हे अर्धं काम आहे आणि ते आइसबॉक्स बसल्या जागी करतो.

थर्माकोलचा खोका उष्णता छान अडवतो, पण त्याला भोक पाडून नळ बसवला की तिथून गळायला लागतो आणि होडीत एकदा आपटला की दुभंगतो. रंगाच्या बादलीसारखी २० लिटरची बादली वीस-पंचवीस कोळंब्यांसाठी ठीक आहे, मात्र तिच्यात आधी रंग भरलेला नसावा. खाद्यतेलाची किंवा तसलीच खाण्याच्या पदार्थाची घ्या. निळं पिंप अर्धं कापून छान गोल टाकी होते, आणि बोयला गोल टाकीच मानवते. पण आधी पिंपात काय भरलेलं होतं ते कळल्याशिवाय विकत घेऊ नका. रसायनाच्या पिंपाचा वास गेला म्हणजे रसायन गेलं असं नाही.

आइसबॉक्स चौकोनी असतो आणि बोय, शेतुक असे सतत पोहणारे मासे कोपऱ्यात नाक घासत राहतात. थोड्या वेळात नाक लाल होतं, मग मासा मलूल. त्यावर उपाय सोपा आहे. मऊ प्लॅस्टिकची पट्टी चारही कोपऱ्यांत वाकवून उभी बसवा, जेणेकरून आतला आकार लंबगोल होईल. कोळंबीला याची गरज नाही, ती तळाशी बसते.

पंप लावू की बुडबुड्यांचा बबलर?

कोळंबीसाठी बबलर पुरतो. बोयसाठी पाणी खेळवणारा पंप हवा.

बबलर म्हणजे मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा एअर पंप, त्याला नळी आणि टोकाला एअर स्टोन, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड. बुडबुडे जितके बारीक तितका फायदा जास्त, कारण त्यांचा पाण्याशी संपर्क अधिक होतो. मोठे गडगडणारे बुडबुडे दिसायला जोरदार, पण कामाला कमी. एअर स्टोन तळाशी ठेवा, नाहीतर वरचंच पाणी हलतं आणि खाली बसलेली कोळंबी गुदमरते.

पाण्याचा पंप दोन प्रकारे काम करतो. टाकीतलंच पाणी उचलून वरून फवारतो, किंवा बाहेरून खाडीचं ताजं पाणी आत आणतो आणि जुनं ओव्हरफ्लोने बाहेर जातं. चालत्या होडीत दुसरा प्रकार सर्वांत चांगला, कारण अमोनियाचा प्रश्नच मिटतो. पण नदीच्या मुखाशी, पावसाळ्यानंतर किंवा बंदराच्या तेलकट पाण्यात बाहेरचं पाणी घेणं बंद करा. पावसाळ्यात खाडीच्या वरच्या थरात गोडं पाणी असतं आणि खारं खाली. खाऱ्या थरातून धरलेल्या कोळंबीवर अचानक गोडं पाणी पडलं तर ती टिकत नाही.

बॅटरी किती वेळ चालेल?

हिशेब सोपा आहे: बॅटरीचे अँपिअर-अवर भागिले पंपाचे अँपिअर, आणि उत्तराच्या निम्म्यावर विश्वास ठेवा. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार पूर्ण उतरवली तर लवकर मरते.

यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी घेतली आणि ताशी २४० लिटरचा छोटा ब्रशलेस पंप जोडला, तर तो साधारण ०.४ अँपिअर ओढतो. कागदावर सतरा तास, भरवशाचे आठ. हाच हिशेब होड्यांच्या बिल्ज पंपाला (होडीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाला) लावून पाहा. ताशी १९०० लिटरचा बिल्ज पंप दोन अँपिअर किंवा जास्त ओढतो, मग तीच बॅटरी दोन तासांत दमते. शिवाय ६० लिटरच्या टाकीत एवढा पंप म्हणजे बोयला पूर आल्यासारखं. मोठा पंप हातात असलाच तर टायमरने दर काही मिनिटांनी थोडा वेळ चालवा आणि जोडीला बबलर सतत सुरू ठेवा.

यूएसबीवर चालणारा एअर पंप पॉवर बँकेवर रात्रभर चालू शकतो. एक गोष्ट तपासून घ्या: बऱ्याच पॉवर बँका फार कमी करंट ओढला जातोय असं दिसलं की आपोआप बंद होतात. घरी तासभर चालवून बघा, खाडीवर नको.

जोडणी कशी करायची?

आधी ओव्हरफ्लो ठरवा. पाण्याची पातळी कुठे हवी, तिथून तीन-चार बोटं वर झाकण असावं एवढी जागा सोडून, अरुंद बाजूच्या भिंतीला होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) भोक पाडा आणि सव्वा इंची टँक निपल बसवा. प्लंबरच्या दुकानात घराच्या पाण्याच्या टाकीसाठी जो प्लॅस्टिकचा निपल मिळतो तोच. रबरी वॉशर आतून आणि बाहेरून दोन्हीकडे घाला. आइसबॉक्सच्या दोन भिंतींच्या मध्ये फोम असतो, तो भोकातून उघडा पडतो. तिथे सिलिकॉन भरून बंद करा, नाहीतर फोम पाणी पिऊन जड आणि कुजका होतो. आतल्या तोंडावर जाळी घट्ट बांधा. जाळीचं क्षेत्रफळ मोठं ठेवा, छोट्या जाळीवर ओढ एकवटते आणि कोळंबी तिला चिकटून मरते.

निचऱ्यासाठी दुसरा निपल तळाजवळ, त्याला बॉल व्हॉल्व्ह. तळाशी साचलेली घाण, टाकलेली कात, मेलेल्या जिवांचे तुकडे हे सगळं इथून काढता येतं. पुष्कळजण हे भोक टाळतात आणि मग ६० किलोचं पाणी उचलून ओतत बसतात.

आता फवारा. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा टाकीच्या लांबीएवढा घ्या, एक टोक टोपी लावून बंद करा, आणि दर दोन इंचांवर २ ते ३ मिलिमीटरची भोकं एका ओळीत पाडा. हा पाइप पाण्याच्या पातळीच्या वर, लांब भिंतीला लागून बसवा आणि भोकं थोडी तिरकी, भिंतीच्या दिशेने फिरवा. पाणी भिंतीवरून घरंगळत खाली येतं, पृष्ठभाग फुटतो, हवा मिसळते आणि टाकीत हळुवार गोल प्रवाह तयार होतो. बोय त्या प्रवाहाला तोंड करून एका रांगेत पोहायला लागले की समजा जमलं. ते वाहून जात असतील तर पंपाच्या नळीला व्हॉल्व्ह लावून जोर कमी करा.

पंपाच्या तोंडावर स्पंज लावा. वायर बाहेर काढताना झाकणाच्या कडेला खाच पाडा, भिंतीला आणखी भोक नको. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच ५ अँपिअरचा फ्यूज घाला आणि प्रत्येक जोड हीट-श्रिंक नळीने बंद करा. खाऱ्या हवेत नुसती काळी टेप एका मोसमात सुटते.

सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी पाइप चिकटवायचा गोंद) वापरलं असेल तर एक दिवस वाळू द्या. नंतर टाकी भरून ठेवा, ओता, पुन्हा भरा, असं दोन दिवस करा. मगच त्यात जीव सोडा.

कुठल्या वस्तू टाळायच्या?

तांबं आणि पितळ पूर्ण टाळा. पाण्यात विरघळलेलं तांबं माशांना त्रास देतं आणि कोळंबीला तर फार थोड्या प्रमाणातही मारतं. पितळेचा नळ, तांब्याची उघडी वायर, काहीही पाण्याला लागता कामा नये. जस्ताचा मुलामा दिलेले जीआयचे खिळे-स्क्रूही नकोत. स्टेनलेस स्टील, पीव्हीसी, नायलॉन चालतं.

सिलिकॉन घेताना बाथरूमसाठीचं बुरशीनाशक मिसळलेलं घेऊ नका. मत्स्यालयाला चालणारं मागा.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: तुमचे हात. संध्याकाळी खाडीवर डास फोडून काढतात, आपण हाताला मलम चोळतो आणि त्याच हाताने टाकीतून कोळंबी काढतो. डास मारणाऱ्या फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइड औषधं कोळंबीसाठी जहाल विष आहेत. मत्स्यालयाची मऊ जाळी वापरा, हात पाण्यात घालूच नका.

पाणी कुठलं भरायचं? नळाच्या पाण्यात मीठ घालून चालेल?

ज्या पाण्यातून आमिष धरलं तेच पाणी. दोन-तीन जास्तीचे कॅन भरून सावलीत ठेवा, ते पुढे बदलायला लागतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यामुळे ते थेट नको. आणि स्वयंपाकाचं मीठ घातल्याने समुद्राचं पाणी होत नाही. कोळंबीला सोडियमबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियमही लागतं. पेण-उरणकडच्या मिठागरांतलं जाड मीठ घेतलं तरी तोच प्रश्न, कारण मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचा बराचसा भाग मीठ गोळा केल्यावर मागे उरणाऱ्या कडू पाण्यात राहून जातो. तासाभराची अडचण भागेल, रात्र निघणार नाही.

बर्फ टाकला तर?

सुटा बर्फ कधीच नको. तो वितळला की पाणी गोडं होतं, वर कारखान्याच्या बर्फात क्लोरीन असू शकतं. प्लॅस्टिकच्या बाटल्यांत पाणी गोठवून झाकण घट्ट लावून सोडा. खाडीचं पाणी ३० अंशांवर असेल तर २५-२६ पर्यंत आणलं की पुष्कळ, तेही हळूहळू, एका वेळी एक बाटली. आपली कोळंबी उष्ण पाण्यातली आहे, फार गारठवली तर सुस्त होते आणि गळावर हलत नाही. मग जिवंत ठेवण्याचा उपयोग काय? एक साधा थर्मामीटर टाकीत बांधून ठेवा.

जाता जाता: जपानमध्ये कुरुमा नावाची कोळंबी पाण्याशिवाय, गार केलेल्या लाकडाच्या भुशात घालून जिवंत पाठवतात. कल्ले ओले आणि अंग गार असेल तर काही जाती तेवढा वेळ तग धरतात. आपल्याकडेही थोड्या वेळासाठी पाच-सहा कोळंब्या खाडीच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत नेता येतात, पण कोळंब्या जास्त असल्या किंवा वेळ लांबला तर हा मार्ग नाही.

६० लिटरच्या टाकीत किती आमिष ठेवू?

चार-पाच इंची बोय असतील तर २० ते २५. बोटाएवढी कोळंबी असेल तर ६० ते ८०, तीही तळाला दोन-चार जाळीचे तुकडे किंवा सुंभाच्या गुंड्या सोडून, म्हणजे एकीवर एक ढीग न होता ती वेगवेगळ्या उंचीवर धरून बसते. बबलर नसलेल्या बादलीत याच्या पाव भागही ठेवू नका.

पागात शंभर आले म्हणून शंभर ठेवायचे नाहीत. पहिल्याच वेळी निवडा: ज्याचे खवले गेलेत, ज्याचा डोळा रक्ताळलाय, जी कोळंबी शेपूट झटकत नाही, ते सगळं लगेच पाण्यात परत. २५ तरतरीत बोय संध्याकाळपर्यंत टिकतात. ६० कोंबले तर दुपारी दहाही उरत नाहीत. आमिष म्हणून धरला तरी तो जीव आहे. लागतात तेवढेच धरावेत.

कोळंबी ठीक आहे की नाही, कसं ओळखायचं?

हातातल्या जाळीत उचलून उजेडासमोर धरा. निरोगी कोळंबीचं अंग काचेसारखं आरपार दिसतं, पाठीवरून जाणारी आतड्याची काळी रेघ स्पष्ट असते, मिशा हलतात आणि ती शेपूट मारून उडते. शेपटीकडचं मांस दुधाळ पांढरं पडायला लागलं असेल तर तिला ऑक्सिजन कमी पडलाय किंवा पाणी तापलंय. त्याच क्षणी एक तृतीयांश पाणी बदला. पूर्ण पांढरी झालेली सहसा परत येत नाही, ती आधी गळाला लावा. गुलाबी झाक आली म्हणजे ती मेली. लगेच बाहेर काढा, कारण एक मेलेली कोळंबी बाकीच्यांचं पाणी नासवते. नुकतीच कात टाकलेली मऊ कोळंबी दिसली तर वेगळ्या डब्यात ठेवा, इतर तिला खातात.

बोयचं लक्षण वेगळं. तोंड वर करून पृष्ठभागावर गपागप करायला लागला की हवा कमी पडतेय.

पाण्यावर पांढरा फेस जमतो. तो वाईट आहे का?

फेस स्वतः मारत नाही, पण माशांचा बुळबुळीतपणा आणि मल पाण्यात साठल्याचं सांगतो. पेल्याने काढून टाका आणि पाणी बदला. बाजारात फेस मोडणारी औषधं मिळतात; ती लक्षण झाकतात, घाण तशीच राहते.

आदल्या रात्री धरलेलं आमिष घरी ठेवता येईल?

येईल, खायला काहीही घालू नका. पोट रिकामं असलं की अमोनिया कमी. टाकी घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात, झाकण किलकिलं. घरच्या विजेवरचा एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) घाला, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं नळीतून पंपात येतं. वायरला प्लगच्या खाली एक झोळ राहू द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत पोचणार नाही. आणि त्या खोलीत रात्री डासांची अगरबत्ती किंवा फवारा नको. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

छोट्या होडीत टाकी कुठे ठेवायची?

मधोमध, तळाला, दोन्ही बाजूंनी दोरीने बांधून. ६० लिटर म्हणजे ६० किलो पाणी, वर खोक्याचं वजन, म्हणजे एक माणूस जास्त. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वाईट: लाटेवर आतलं पाणी एका बाजूला धावतं आणि होडीला तिकडेच ओढतं, शिवाय बोय भिंतीवर आपटून खवले गमावतात. घरच्या २३० व्होल्टचा पंप इन्व्हर्टर लावून होडीत चालवण्याचा विचारही करू नका.

उजनीसारख्या धरणावर गोड्या पाण्यातल्या आमिषासाठी हीच टाकी चालेल?

चालेल, आणि सोपी पडेल. नळाचं पाणी वापरायचं तर बबलर लावून एक दिवस ठेवा किंवा मत्स्यालयाच्या दुकानातले अँटी-क्लोरीनचे खडे बाटलीवरच्या मापाने घाला. लिटरमागे ३ ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ घातलं तर प्रवासात माशावरचा ताण कमी होतो. इथे मीठ उपयोगी आहे, कोळंबीच्या उत्तराशी गल्लत करू नका. जलाशयाचा ठेका ज्या संस्थेकडे आहे तिची परवानगी आधी घ्या.

उरलेलं आमिष कुठे सोडू?

जिथून धरलं तिथेच. दुसऱ्या खाडीत किंवा तळ्यात नाही. उजनीत आज चिलापी केवढी आहे ते भिगवणच्या बाजारात दिसतं, आणि ती मूळची आफ्रिकेतली. बंदी असलेला आफ्रिकन मांगूरही असाच पसरला.

तलावात वाढवलेली व्हेनामी कोळंबी जिवंत मिळाली तरी खाडीत सोडू नका, गळाला लावूही नका. कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू अशा वाटेने जंगली कोळंबीत जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या लोगन नदीकाठी २०१६ च्या अखेरीस हा रोग शिरला आणि तिथले कोळंबी तलाव रिकामे करावे लागले. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी: मिनेसोटासारख्या राज्यांत जलाशय सोडताना होडीतलं आणि आमिषाच्या डब्यातलं पाणी ओतून देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपापल्या राज्याचा नियम बघून घ्या.

पागात जिताड्याची पिल्लं येतात. ती आमिष म्हणून लावू?

नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर उघाडीच्या (खाडीच्या बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) तोंडाशी, खाजणात ही पिल्लं येतात आणि त्यांतूनच पुढचे जिताडे होतात. जिताडा, गोव्याकडचा चोणक, आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे आज फेकून दिलेलं प्रत्येक पिल्लू उद्याची अंडी घालणारी मोठी मादी होऊ शकलं असतं. पाग झाडतानाच पिल्लं वेगळी करा आणि ओल्या हाताने परत सोडा.

टाकी कशी धुवायची?

साबण, फिनेल, डिटर्जंट काहीही नको. निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडा, गोड्या पाण्याने ब्रश मारा, पंपातून दोन मिनिटं गोडं पाणी फिरवा म्हणजे मीठ साचून पाती अडकणार नाहीत. स्पंज पिळून वेगळा वाळवा. झाकण उघडं ठेवून कडक उन्हात दिवसभर वाळू द्या. बॅटरी मात्र उतरलेल्या अवस्थेत ठेवू नका, घरी आल्या आल्या चार्जिंगला लावा.